पुढे चालू, की पुन्हा सुरू?

मासिकातली कथा एका अंकात संपली नाही की तिच्या खाली 'क्रमशः' छापलेले असते. उर्दू डायजेस्टमध्ये त्याच जागी 'बाकी आइंदा' असते आणि इंग्रजीत 'टू बी कंटिन्यूड'. तिन्हींचा मतलब एकच, की गोष्ट अजून संपलेली नाही. वाचणाऱ्याला तेवढे पुरते. पण लिहिणाऱ्याला, विशेषतः परीक्षेत, अर्जात किंवा दवाखान्याच्या कागदावर लिहिणाऱ्याला, तेवढ्याने भागत नाही. 'चालू ठेवणे' या एका मराठी शब्दासाठी इंग्रजीने पाच-सहा शब्द ठेवले आहेत आणि ते एकाच्या जागी दुसरा चालत नाहीत. त्यातला कोणता कुठे घ्यावा, याचा विचार आमच्या घरात गेली तीन-चार वर्षे होत आला आहे. तो वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावा, असे आम्हा दोघा नवरा-बायकोला वाटले.

आमचे घर ढोकीचे. आमच्यातल्या एकाची शाळा जिल्हा परिषदेची मराठी, दुसरीची उर्दू. घरातली बोली दखनी. आमच्या वडीलधाऱ्यांचा काळ निजामाच्या राजवटीचा, तेव्हा शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती. 17 सप्टेंबर 1948 नंतर हैदराबाद संस्थान भारतात आले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1960 साली महाराष्ट्र झाला. आमच्या वाट्याला मराठी आली, इंग्रजी पाचवीपासून. आमच्या मुलांनी आणि नातवंडांनी पुढचे दिवस पाहिले. जून 2000 पासून राज्यातल्या मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. म्हणजे तीन पिढ्यांत शाळेची भाषा तीनदा बदलली, आणि प्रत्येक पिढीने आधीची भाषा घरात ठेवून नवी शिकली. हे ओझे आहे, तशी दौलतही आहे. कशी, ते पुढे सांगतो.

मगरिबनंतर इशापर्यंत मोहल्ल्यातली दहा-बारा मुले आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसतात. त्यांतल्या नववीतल्या एका मुलीने एकदा विचारले, "सर, डिक्शनरीत कंटिन्यू म्हणजे चालू ठेवणे, कीप ऑन म्हणजे चालू ठेवणे, गो ऑन म्हणजे चालू ठेवणे, कॅरी ऑन म्हणजेही चालू ठेवणे. मग पेपरात चारांतला एक निवडा म्हणतात, तो कशावरून निवडायचा?"

प्रश्न अगदी रास्त होता. छोट्या डिक्शनरीत एका शब्दासमोर एक अर्थ असतो, आणि चार शब्दांसमोर तोच अर्थ असला की मुलाला वाटते, चारही एकच. तिला उत्तर देण्यासाठी आम्ही आधी इंग्रजी बाजूला ठेवली आणि मराठीकडे वळलो.

एक माणूस बोलायचे थांबत नाही, एवढीच गोष्ट घ्या. मराठीत ती किती तऱ्हांनी सांगता येते? तो 'बोलत राहिला' म्हटले की थांबला नाही एवढेच कळते. 'बोलत बसला' म्हटले की वेळ वाया गेला, मग तो उभा राहून बोलत असला तरी. 'बोलत सुटला' म्हटले की त्याला आवरणारे कोणी नव्हते. 'बोलत गेला' म्हटले की एकेक गोष्ट उलगडत गेली. आणि 'बोलत आला आहे' म्हटले की आधीपासून आजपर्यंत बोलतोच आहे. राहणे, बसणे, सुटणे, जाणे, येणे ही पाच साधी क्रियापदे, पण ती शेजारी बसली की बोलणाऱ्याच्या मनातले सगळे उघड होते. यांतला फरक कोणत्याही मुलाला कोणी शिकवलेला नाही, तरी एकही मूल चुकत नाही. "पाव्हणे रात्री बारापर्यंत बोलत बसले" आणि "पाव्हणे बोलत सुटले" यांतला कोणता पाव्हणा पुन्हा घरी यावासा वाटेल, हे सहावीतला पोरगाही सांगतो.

आमच्या दखनीतही हे सारे आहे. 'बोलते रहा', 'बोलते बैठा', 'बोलते गया'. शिवाय दखनीने मराठीकडून एक छोटीशी चीज उचलली आहे, ती म्हणजे शब्दाला चिकटणारा 'च'. 'वईच', 'ऐसाच', 'बोलतेच रहा'. उत्तरेकडच्या उर्दूवाल्याला हा 'च' ऐकून हसू येते, पण त्याचे काम मोठे आहे. 'बोलत राहिला' आणि 'बोलतच राहिला' यांत केवळ एका अक्षराचा फरक आहे. पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात ऐकणाऱ्याचा वैताग आहे, किंवा बोलणाऱ्याची जिद्द.

इथे त्या मुलीला पहिली किल्ली मिळाली. इंग्रजीत 'कीप टॉकिंग' म्हणजे बोलत राहणे आणि 'कीप ऑन टॉकिंग' म्हणजे बोलतच राहणे. तो 'ऑन' म्हणजे आपला 'च'. "ही केप्ट ऑन आस्किंग मी द सेम क्वेश्चन", तोच प्रश्न विचारतच राहिला. वैताग असो वा चिकाटी, 'कीप ऑन'मध्ये तो जोर येतो. म्हणूनच नुसते बसून राहणे, उभे राहणे, पडून राहणे अशा निवांत स्थितींना इंग्रज माणूस सहसा 'कीप ऑन' लावत नाही. तिथे जोर कशावर द्यायचा? आणि एक नियम पक्का: 'कीप' किंवा 'कीप ऑन'नंतर 'टू' येत नाही. 'कीप टू वर्क' नव्हे, 'कीप वर्किंग'.

'कंटिन्यू' हा शब्द यांच्या तुलनेत कचेरीचा. त्याला राग नाही, लोभ नाही. 'कंटिन्यू वर्किंग' म्हणा किंवा 'कंटिन्यू टू वर्क' म्हणा, अर्थात जवळपास फरक पडत नाही. 'कंटिन्यू द वर्क' असे नामही त्याला थेट लावता येते. नोटीस, अर्ज, अहवाल, डॉक्टरची चिठ्ठी ही त्याची ठिकाणे. ओट्यावर गप्पा मारताना तो जरा अंगावर कोट घालून बसल्यासारखा वाटतो.

'गो ऑन'ची गंमत वेगळी आहे. गोष्ट सांगणारा थांबला की आपण "हां, फिर?" म्हणतो, तिथे इंग्रजीत "गो ऑन" म्हणतात. 'गो ऑन रीडिंग' म्हणजे वाचत राहणे. पण 'गो ऑन टू' आले की अर्थ वळण घेतो. मग तेच काम चालू नसते, त्याच्या पुढचे काम सुरू होते. "शी वेंट ऑन टू बिकम अ लॉयर" याचा अर्थ ती वकिली करत राहिली असा नाही. आधी काहीतरी शिकली आणि पुढे वकील झाली, असा आहे. मुलांना आम्ही हे रेल्वेवरून सांगतो. "द ट्रेन स्टॉप्ड ॲट ढोकी अँड वेंट ऑन टू लातूर." गाडी ढोकीला थांबली आणि पुढे लातूरला गेली. 'ऑन टू' म्हणजे पुढचे स्टेशन, हे एकदा डोक्यात बसले की विसरत नाही.

रेल्वेचाच आणखी एक शब्द 'प्रोसीड'. भारतीय रेल्वेत रंगीत दिव्यांच्या सिग्नलला ठरलेली नावे आहेत. लाल म्हणजे 'स्टॉप', एक पिवळा म्हणजे 'कॉशन', दोन पिवळे म्हणजे 'अटेन्शन' आणि हिरवा म्हणजे 'प्रोसीड'. 'प्रोसीड' म्हणजे परवानगी मिळाली, आता पुढे व्हा. त्यात कोणाच्या तरी हुकुमाचा वास आहे. म्हणून तो वकिलाच्या, पोलिसाच्या आणि बँकेच्या भाषेत शोभतो. मोबाईलवर पैसे भरताना 'प्रोसीड'चे बटण येते तेव्हा तेही हेच विचारत असते, की सारे तपासले ना, मग पुढे जाऊ?

'कॅरी ऑन' हा बोलीतला शब्द. कोणी काम करत असताना आपण खोलीत गेलो, तो उठायला लागला, तर म्हणायचे "प्लीज कॅरी ऑन", म्हणजे माझ्यामुळे थांबू नका. त्याला नाम जोडायचे तर मध्ये बहुधा 'विथ' येतो, 'कॅरी ऑन विथ युअर वर्क'. आपल्या महाराष्ट्रात मात्र या शब्दाने वेगळाच जन्म घेतला आहे. इंजिनिअरिंगची मुले 'कॅरी ऑन'ची मागणी करतात, त्याच्या बातम्या पेपरात येतात. मागच्या वर्षाचे विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसू द्या, असा त्याचा अर्थ. तिचीच बहीण एटीकेटी. कॉलेजला गेलेल्या प्रत्येक घरात हा शब्द असतो, पण त्याचे पूर्ण रूप फार थोड्यांना ठाऊक असते: 'अलाऊड टू कीप टर्म्स'. टर्म भरत राहायला परवानगी. पाहा, इथेही 'कीप' आहेच. नापास झालास असे ते म्हणत नाही. विषय राहिला आहे, तू चालत राहा, असे म्हणते. एटीकेटी लागली म्हणून घरात मय्यत झाल्यासारखे बसणाऱ्या आई-वडिलांनी तरी हा अर्थ ध्यानात ठेवावा.

आता राहिला 'रिझ्यूम'. हा या साऱ्या घराण्यात सर्वांत निराळा. 'कंटिन्यू'मध्ये खंड नसतो, 'रिझ्यूम'मध्ये असतो. काम थांबले होते, ते जिथे थांबले तिथूनच पुन्हा सुरू झाले, म्हणजे 'रिझ्यूम'. अगदी पहिल्यापासून सुरू केले तर तो 'रीस्टार्ट'. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली, की ती 'रिझ्यूम' होते.

ढोकीच्या मुलांना याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्या गावाचे नाव चहूकडे आहे ते तेरणा साखर कारखान्यामुळे. हा कारखाना मधली बरीच वर्षे बंद राहिला आणि नंतर भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. म्हणून आमच्या ओसरीवरचा सराव असा असतो. हंगामात रात्रंदिवस गळीत होत राहिले: 'कंटिन्यूड'. उसाच्या गाड्या येतच राहिल्या: 'केप्ट ऑन कमिंग'. ऊस संपला म्हणून एक रात्र गळीत थांबले आणि सकाळी सुरू झाले: 'रिझ्यूम्ड'. मोळी टाकून झाल्यावर पाव्हणे पुढे जेवायला गेले: 'वेंट ऑन टू'. चिमणी कितीतरी वर्षे थंड होती आणि मग धूर निघाला: पुन्हा 'रिझ्यूम्ड'. मुले हसतात, पण त्यांतल्या कित्येकांच्या घरी त्या थंड चिमणीचे दिवस काढलेले आहेत. 'कंटिन्यू' आणि 'रिझ्यूम' यांच्यामधली जागा किती रुंद असू शकते, हे त्यांच्या बापांना विचारावे.

तशीच आमची रेल्वे. बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी 1897 साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1911 साली लातूरला पोचली. 1954 साली ती सरकारच्या ताब्यात आली. पुढे रूळ रुंद करण्यासाठी ती टप्प्याटप्प्याने बंद केली आणि 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. मग गाडी 'कंटिन्यू' झाली की 'रिझ्यूम'? वर्गात यावर खडाजंगी झाली. एक मुलगा म्हणाला, "सर, गाडी रिझ्यूम, पण छोटी गाडी नाही. छोटी गाडी संपली." त्याला पूर्ण गुण दिले.

शब्द निवडताना त्याचा अर्थ पाहून पुरत नाही, त्याच्यापुढे काय येते तेही पाहावे लागते, ही गोष्ट ज्याने जगाला शिकवली तो ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज मास्तर. तो 1924 पासून जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा. परक्या मुलांची अडचण त्याने जवळून पाहिली होती. क्रियापदाच्या पुढे 'टू' येतो, 'आयएनजी' येतो, की नुसते नाम येते, हे दाखवणारी डिक्शनरी त्याने सहकाऱ्यांसह तयार केली. ती 1942 साली जपानमध्ये निघाली आणि 1948 साली ऑक्सफर्डने छापली. आज जिला आपण ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणतो, ती तीच. ज्या घरात मूल आठवीच्या पुढे आहे, त्या घरात ही किंवा अशीच वाक्ये देणारी डिक्शनरी असावी. लग्नकार्यात आपण ज्यावर खर्च करतो त्या मानाने ती फार स्वस्त पडते.

आता कोणी म्हणेल, हे परीक्षेपुरते ठीक, एरवी 'कंटिन्यू' म्हटले काय आणि 'रिझ्यूम' म्हटले काय, काय बिघडते? दोन ठिकाणी बिघडते. पहिले ठिकाण दवाखाना.

क्षयाच्या, म्हणजे टीबीच्या, साध्या रुग्णाचे औषध सहा महिन्यांचे असते. पहिले दोन महिने 'इंटेन्सिव्ह फेज', पुढचे चार महिने 'कंटिन्युएशन फेज'. या दुसऱ्या टप्प्याचे नावच 'कंटिन्यू'वरून पडले आहे. पहिल्या दोन महिन्यांत खोकला कमी होतो, ताप जातो, अंगावर मांस येते, आणि रुग्णाला वाटते, आता बरा झालो. जंतू मात्र उरलेले असतात. इथे औषध सुटले तर आजार उलटतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. म्हणजे या टप्प्यात 'कंटिन्यू' हा शब्द सल्ल्याचा राहत नाही, जिवाचा होतो. आणि मध्ये खंड पडलाच, तर घरच्या घरी 'रिझ्यूम' करायचे नसते. सरळ आरोग्य केंद्रात जाऊन खंड किती दिवसांचा पडला ते सांगायचे असते. किती दिवस ते लपवले, तर पुढचे औषध चुकते. आमच्या ओसरीवरच्या मुलांना आम्ही हे दोन शब्द फळ्यावर लिहून दाखवले, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चिठ्ठ्या हल्ली तीच वाचतात.

दुसरे ठिकाण अर्जाचे. हे आमच्या घरातलेच आहे.

आमची धाकटी सून तेरची. लग्न झाले तेव्हा तिचे बी.ए.चे पहिले वर्ष झाले होते. नंतर बाळंतपण झाले, मग घरात एक मोठे आजारपण आले आणि तीन वर्षे निघून गेली. मूल अंगणवाडीत जाऊ लागले तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, मेरेकू पढना है." कोणाची ना नव्हती. एका कॉलेजात दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करायचे ठरले. बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात अर्जाचा छापील नमुना होता, त्यावर तिचे नाव घालून दिले. त्यात होते, "आय वाँट टू कंटिन्यू माय स्टडीज." आठवड्याने कॉलेजातून निरोप आला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका जोडलेली नाही, अर्ज अपूर्ण. मागचे वर्ष शिकलेलेच नव्हते, गुणपत्रिका आणायची कुठून? खिडकीवरच्या माणसाने तीच ओळ बोटाने दाखवली. तुम्हीच लिहिले आहे ना, शिक्षण चालू आहे म्हणून? मुदत संपायला चार दिवस होते.

घरात बैठक बसली. नात्यातल्या एका बुजुर्गांचे म्हणणे पडले, की अर्जातले 'कंटिन्यू' तसेच ठेवा, गुणपत्रिका हरवली म्हणा, तीन वर्षांचा खंड कशाला उघड करता? खंड दिसला की मुलीत काही खोट होती असे लोक समजतात. बोलणारे वाईट माणूस नव्हते. अशा खंडाचे टोमणे त्यांनी स्वतःच्या मुलींसाठी ऐकले होते. त्यामुळे त्यांना एकदम तोडून बोलणे जड गेले.

उत्तर सुनेनेच दिले. ओढणी सावरून ती दारातूनच म्हणाली, "मामू, मैं पढना छोडी नै थी, रुकी थी." छोडी नै, रुकी थी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. जो फरक आम्ही वर्षभर फळ्यावर लिहीत होतो, तो तिने चार शब्दांत सांगितला होता. सोडलेले पुन्हा करायचे तर नव्याने सुरू करावे लागते. थांबलेले मात्र जिथे थांबले तिथूनच उचलता येते. त्याला इंग्रजीत शब्द आहे.

रात्री अर्ज नव्याने लिहिला. पहिल्या ओळीत स्पष्ट घातले, "आय विश टू रिझ्यूम माय बी.ए. स्टडीज आफ्टर अ गॅप ऑफ थ्री इयर्स." कारण एका ओळीत दिले, रडगाणे नाही. मग सून म्हणाली, एक गोष्ट राहिली. माहेरी असल्यापासून ती लहान मुलांना शिकवायची, आणि सासरी आल्यावरही एक दिवस तिने ते सोडले नव्हते. आमच्या ओसरीवरच्या पहिली-दुसरीच्या पोरांना तीच शिकवते. तिथे तर खंड नाही. म्हणून पुढची ओळ आली, "थ्रूआउट धिस पीरियड आय कंटिन्यूड टू टीच यंग चिल्ड्रन." एका अर्जात दोन्ही शब्द, दोन्ही आपापल्या जागी, दोन्ही खरे. 'कंटिन्यू' वाईट नव्हता, तो फक्त चुकीच्या ओळीत बसला होता.

दुसऱ्या दिवशी स्टॅम्प पेपरवर गॅपचे प्रतिज्ञापत्र केले, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका जोडली आणि मुदतीच्या आत अर्ज दिला. प्रवेश मिळाला. खिडकीवर कोणी एक प्रश्न विचारला नाही. सगळे कागदावरच होते, मग विचारणार काय? आमच्या त्या बुजुर्गांनी नंतर आपल्या नातीसाठी तोच मसुदा मागून नेला.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की आपल्या घरांत असे खंड पुष्कळ आहेत. कोणाचे लग्न, कोणाच्या वडिलांचा इंतकाल, कोणाची मजुरी, कोणाचा आजार. खंड पडला म्हणजे दार बंद झाले, असे मानून कित्येक मुली दहावी-बारावीवर थांबल्या आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 सालापासून अशाच लोकांसाठी चालू आहे. तिथे वय आणि खंड आडवा येत नाही. स्कॉलरशिपचे मात्र नीट पाहावे. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर 'फ्रेश' आणि 'रिन्यूअल' असे दोन वेगळे अर्ज असतात. मागच्या वर्षीची स्कॉलरशिप त्याच अभ्यासक्रमात पुढे मिळवायची तर 'रिन्यूअल', पहिल्यांदा मागायची तर 'फ्रेश'. घाईत चुकीच्या बटणावर बोट पडले की हक्काचे पैसे अडकतात. अर्ज भरताना मुलांच्या शेजारी बसावे आणि शब्द मोठ्याने वाचायला लावावा.

एक शब्द अजून राहिला, तो 'कीप अप'. हा आम्हाला मदरशातल्या मुलाने समजावला. हिफ्ज करणाऱ्या मुलाचा रोजचा नवा धडा म्हणजे सबक, आणि आधी पाठ केलेले रोज फिरवून पक्के ठेवणे म्हणजे आमुख्ता. तो म्हणाला, "सबक म्हणजे गो ऑन, आणि आमुख्ता म्हणजे कीप अप." आम्ही थक्क झालो. 'कीप अप' म्हणजे मिळवलेली पातळी घसरू न देणे. "कीप अप द गुड वर्क" हे शिक्षक वहीवर लिहितात ते याचसाठी. सबक पुढे धावला आणि आमुख्ता सुटला, तर मागचे पुसले जाते, हे प्रत्येक हाफिजाला ठाऊक असते. इंग्रजीच्या पुस्तकाने जो फरक दोन पानांत सांगितला असता, तो त्या मुलाच्या रोजच्या जगण्यात आधीपासूनच होता. अल्लाहला तो अमल जास्त पसंत, जो थोडा असला तरी नेमाने होतो, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ती भाषा शिकण्यालाही लागू पडते. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे बरी.

सुरुवातीला दौलत म्हटले ती ही. मराठीचे राहणे-बसणे-सुटणे, दखनीचा 'च', मदरशाचा सबक आणि आमुख्ता, हे सारे आपल्या मुलांच्या खिशात आहे. 'सुरू', 'कायम', 'जारी' हे मराठीत रुळलेले शब्दही मुळात अरबीतून आलेले. एवढ्या भाषांच्या वाटेवर वाढलेल्या मुलाला इंग्रजीच्या सहा शब्दांची भीती वाटायचे कारण नाही. त्याला फक्त कोणीतरी सांगावे लागते, की तुझ्याजवळ जे आहे त्याच्याशी हे ताडून बघ.

ताडण्यासाठी आम्ही मुलांना तीन प्रश्न देतो. वाचकांनीही ते आपल्या घरात वापरून पाहावेत. पहिला: मध्ये खंड पडला होता का? पडला असेल तर 'रिझ्यूम'. दुसरा: तेच काम आहे, की त्याच्या पुढचे? पुढचे असेल तर 'गो ऑन टू' किंवा 'प्रोसीड'. तिसरा: मराठीत सांगताना तिथे 'च' येतो का? येत असेल तर 'कीप ऑन'. तिन्हींचे उत्तर 'नाही' आले, तर लिखाणात 'कंटिन्यू' आणि बोलण्यात 'कॅरी ऑन' किंवा 'गो ऑन' घ्यावा, बहुतेक वेळा चुकत नाही.

हे तीन प्रश्न एका वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत आणि रोजच्या पेपरातली दोन वाक्ये त्यांच्यावर लावून पाहावीत. आमची सून सध्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना आजही मगरिबनंतर तीच शिकवते, आणि फळ्यावरच्या तीन प्रश्नांना चौथा कोणता जोडावा, यावर मुलांचे अजून एकमत झालेले नाही.